चरबीतून उठणारी हाक

आनेकलहून तमिळनाडूच्या हद्दीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका शेतकऱ्याच्या संगोपनगृहात मी ती अळी पहिल्यांदा हातात घेतली. नोव्हेंबरचा महिना होता, आठवडाभर झड लागलेली, भिंतींना ओल सुटलेली. तुतीच्या पाल्याखालून त्यानं एक अळी उचलली आणि माझ्या तळहातावर ठेवली. पांढरीफेक, ताठ, वजनाला काहीच नाही. दोन बोटांत धरून दाबली तर खडूसारखा कट्‌कन तुकडा पडला आणि बोटांना पिठासारखी भुकटी लागली. चार दिवसांपूर्वी हीच अळी पानांचा फडशा पाडत होती. शेतकऱ्यानं चुन्याचं डबडं खाली ठेवलं आणि मला म्हणाला, "सर, हात धुवा. धुतल्याशिवाय पलीकडच्या खोलीत जाऊ नका."

आनेकल हे बंगळूरच्या दक्षिणेचं तालुक्याचं गाव. कन्नडमध्ये 'आनेकल्लु' म्हणजे आकाशातून पडणारी गार. याच तालुक्यात इलेक्ट्रॉनिक सिटी आहे, बोम्मसंद्र, जिगणी, अत्तिबेले या औद्योगिक वसाहती आहेत, बन्नेरघट्ट्याचं जंगल आहे. तुतीचे मळे आता विरळ झाले. जिथे पाला तोडला जायचा तिथे प्लॉट पडले. तरी रेशमाचं नातं अजून तुटलेलं नाही. मराठी माणसालाही हा पट्टा परका नाही. जालन्यात २०१८ साली कोष बाजार सुरू झाला, पण त्याआधी बीड, जालना, सोलापूरकडचे शेतकरी कोषांची पोती घेऊन इथून जवळच्या रामनगरच्या बाजारात येत, आणि आजही येतात. रात्रीच्या गाडीनं उतरलेल्या त्या माणसांच्या तोंडी जे चार आजार असतात, ग्रासरी, फ्लॅचरी, पेब्रीन आणि मस्कार्डीन, त्यातला चौथा म्हणजे माझ्या हातातला तो खडू.

मस्कार्डीन हा बुरशीचा आजार. बुरशीचं नाव ब्युव्हेरिया बॅसियाना. नावातला बॅसी म्हणजे इटलीतल्या लोदी गावाचा अगोस्तिनो बॅसी. त्यानं पंचवीसएक वर्षं रेशमाच्या अळ्यांवर प्रयोग केले आणि १८३५ साली सांगितलं की हा रोग हवेतून किंवा दैवातून येत नाही, एक जिवंत सूक्ष्म वनस्पती अळीला ग्रासते आणि एका अळीवरून दुसरीवर जाते. बुरशीला त्या काळी वनस्पतीच म्हणत. सूक्ष्म जीवामुळे प्राण्याला रोग होतो हे प्रयोगानं दाखवणारा तो पहिला माणूस. पाश्चर आणि कॉख त्याच्यानंतरचे. रोगजंतूंच्या विज्ञानाची सुरुवात रेशमाच्या अळीपासून आणि बुरशीपासून झाली, हे आपल्या शाळेच्या पुस्तकांत यायला हवं होतं.

ही बुरशी पोटातून जात नाही. तिचा बीजाणू अळीच्या कातडीवर बसतो. हवेत दमटपणा असेल आणि तापमान पंचविशीच्या आसपास असेल तर तो रुजतो, प्रथिनं, कायटिन आणि चरबी विरघळवणारी विकरं सोडत कातडीतून आत घुसतो. अळीच्या अंगावर तेलकट ठिपके दिसू लागतात, खाणं सुटतं, मग अंग सैल पडतं आणि शेवटी ताठतं. पण एकाच तबकातल्या सगळ्या अळ्या मरत नाहीत. त्या दिवशी शेतकऱ्यानं मला दाखवलं: एका बाजूला खडू झालेल्या अळ्या, आणि त्यांच्याच शेजारी पाला खात असलेल्या धडधाकट. ज्या वाचल्या त्यांनी काय केलं? हे पुस्तक त्या प्रश्नातून जन्माला आलं.

अळीला आपल्यासारखी प्रतिपिंडं नाहीत. तिच्या रक्तात पेशी आहेत. आत शिरलेल्या बुरशीभोवती त्या गोळा होतात, एकमेकींना चिकटतात, एक गाठ बनवतात आणि ती गाठ काळी पडते. अळी उघडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तर मोहरीहून लहान काळे ठिपके मोजता येतात. या पेशींना गोळा व्हायला कोण सांगतं? अमेरिकेतल्या डेव्हिड स्टॅन्ली यांनी १९९१ साली तंबाखूवरच्या एका मोठ्या अळीवर प्रयोग केला. तिला आधी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड टोचलं आणि मग जीवाणू टोचले. डेक्सामेथासोन दिलेल्या अळ्यांना जीवाणू आवरले नाहीत, त्या जास्त मेल्या. तशाच अळ्यांना अॅराकिडोनिक आम्ल हा चरबीतला रेणू दिला तेव्हा त्यांची ताकद परतली. १९९७ मध्ये रेशमाच्या अळीतही अशा गाठी या आम्लापासून बनणाऱ्या रसायनांवर अवलंबून असल्याचं दिसलं. २००२ मध्ये स्टॅन्ली आणि सहकाऱ्यांनी तंबाखूच्या अळीत थेट ब्युव्हेरिया टोचून पाहिली. ही रसायनं बनण्याचा मार्ग अडवणारी औषधं दिली की गाठी कमी झाल्या. म्हणजे माझ्या हातातल्या खडूला जी बुरशी कारण होती, तिच्याशी लढायला पेशींना बोलावणारी हाक चरबीच्या रेणूंतून उठते.

डेक्सामेथासोन हे नाव वाचून कुणाला २०२१ चा उन्हाळा आठवला असेल. तिथे आपण येणारच आहोत. त्याआधी ही हाक म्हणजे काय, ते सांगतो.

प्रत्येक पेशीभोवतीचं आवरण स्निग्ध पदार्थांचं असतं. आपण चरबी म्हटलं की पोटावरचा थर डोळ्यापुढे येतो, पण या आवरणाची चरबी वेगळी. ती सतत हलती असते, आणि तिच्यात २० कार्बनांचं एक आम्ल दडवून ठेवलेलं असतं: अॅराकिडोनिक आम्ल. आपल्या ताटातल्या करडईच्या, सूर्यफुलाच्या तेलातल्या लिनोलेइक आम्लापासून शरीर ते घडवतं. अंड्यामांसातून ते तयारही मिळतं. एरवी ते आवरणात गप्प बसून असतं. पेशीला धोका जाणवला की फॉस्फोलायपेज ए-२ नावाचं विकर कात्रीसारखं चालतं आणि ते आम्ल कापून मोकळं करतं. पुढे त्याच्या दोन मोठ्या वाटा. सायक्लोऑक्सिजिनेज या विकराच्या वाटेनं प्रोस्टाग्लँडिन बनतात, लिपॉक्सिजिनेजच्या वाटेनं ल्युकोट्रायीन. ग्रीकमध्ये वीसला 'आयकोसी' म्हणतात, म्हणून या सगळ्या घराण्याचं नाव आयकोसॅनॉइड. हे रेणू साठवून ठेवले जात नाहीत. गरज पडली की जागेवर बनतात, काही सेकंद किंवा मिनिटं टिकतात आणि मोडतात. हाक मारायला असंच काहीतरी हवं. जी हाक विरत नाही ती हाक राहत नाही.

पाय मुरगळल्यावरची लाली, ऊब, सूज, ठणका, म्हणजेच दाह, हे सगळं मोठ्या प्रमाणात प्रोस्टाग्लँडिनांचं काम. स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी १९३५ साली वीर्यात त्यांचा माग काढला आणि प्रोस्टेट ग्रंथीवरून नाव दिलं. अॅस्पिरिन त्यांचीच निर्मिती थांबवतं, हे लंडनच्या जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. व्हेन, बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएलसन यांना १९८२ चं नोबेल मिळालं. त्या मधल्या काळात, १९७९ साली, सेट्टी आणि रामय्या या भारतीय संशोधकांनी रेशमाच्या नर पतंगाच्या जननेंद्रियांतून प्रोस्टाग्लँडिन वेगळे काढून ओळखले. नोबेलच्या गोष्टीत हे काम कुणी सांगत नाही. मला ते फार मोलाचं वाटतं, कारण अळी आणि माणूस यांना जोडणारा धागा आपल्या देशात इतक्या लवकर हाती लागला होता.

आता बुरशीकडे. बुरशीच्या भिंतीत बीटा-ग्लुकान नावाची साखरेची साखळी असते. माणसाच्या पेशीत ती नसते. गॉर्डन ब्राऊन आणि सायमन गॉर्डन यांनी २००१ मध्ये दाखवलं की आपल्या भक्षक पेशींवरचा डेक्टिन-१ हा रेणू नेमकी हीच साखळी ओळखतो. कॅन्डिडा या बुरशीची पेशी त्याला भिडली की वर सांगितलेली कात्री चालते, अॅराकिडोनिक आम्ल मोकळं होतं. ओळख पटणं आणि हाक देणं यांत फारसं अंतर राहत नाही.

या हाकांमध्ये बुरशीच्या दृष्टीनं सगळ्यात भारी पडते ती ल्युकोट्रायीन बी-४. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल तिच्यामागे धावतात. बुरशी वाढताना लांब धागे सोडते, आणि एवढा लांब धागा एका न्यूट्रोफिलच्या घशात मावत नाही. म्हणून न्यूट्रोफिल थव्यानं येतात. पहिली पेशी पोचली, तिनं ल्युकोट्रायीन सोडलं, त्या वासावर दहा आल्या, त्यांनीही सोडलं, मग शंभर. बोस्टनमध्ये डॅनियल इरिमिया यांच्या गटानं काचेवर कॅन्डिडाचे बारीक पुंजके ठेवून माणसाच्या रक्तातले न्यूट्रोफिल त्यांच्यावर सोडले आणि तासन्‌तास चित्रीकरण केलं. २०२० मध्ये त्यांनी मांडलं की हा थवा जमला की बुरशीची वाढ लांबणीवर पडते. थवा नीट जमू दिला नाही की बुरशी निसटते. ते चित्रीकरण पाहताना मला मोहोळ आठवलं. एका माशीनं डंख मारला की त्या वासावर बाकीच्या तुटून पडतात, तसंच. ब्राझीलमध्ये उंदरांना ल्युकोट्रायीन बनू न देणारं औषध दिल्यावर हिस्टोप्लाझ्मा ही बुरशी त्यांना आवरली नाही, ते मेले. फुप्फुसातल्या अॅस्परजिलससाठीही ल्युकोट्रायीन बी-४ लागतंच, असं उंदरांत दिसलं आहे.

इथवर ऐकून वाटेल, ही हाक जितकी मोठी तितकं बरं. तसं नाही, आणि हे पुस्तक लिहिताना मी सगळ्यात जास्त वेळ याच जागी थांबलो. २००१ साली अमेरिकेतल्या मायरी नोव्हर आणि सहकाऱ्यांनी सांगितलं की कॅन्डिडा आणि क्रिप्टोकॉकस या बुरशी स्वतःच प्रोस्टाग्लँडिन बनवतात. आपलं अॅराकिडोनिक आम्ल त्या घेतात आणि त्यातून आपल्याच भाषेतला रेणू घडवतात. हा बुरशीनं बनवलेला रेणू पेशींपर्यंत पोचला की भक्षक पेशींची धार बोथट होते, त्यांचं गिळणं मंदावतं. प्रोस्टाग्लँडिन ई-२ मुळे कॅन्डिडाला धागे फुटायलाही मदत होते. दारावर चोर आला आणि घरातल्या माणसाच्या आवाजात 'सगळं ठीक आहे, झोपा' म्हणाला, असा हा प्रकार. त्यातही एक पेच आहे. हाच प्रोस्टाग्लँडिन ई-२ दुसऱ्या टप्प्यावर टीएच-१७ नावाच्या पेशींची फळी उभी करायला हातभार लावतो, आणि तोंडातल्या, त्वचेवरच्या कॅन्डिडाला रोखण्यात ती फळी महत्त्वाची. एकच रेणू केव्हा, कुठे आणि किती, यावर तो मित्र की वैरी ते ठरतं. 'दाह वाईट, दाह कमी करा' अशी जी वाक्यं हल्ली डाएटच्या पुस्तकांत आणि मोबाइलवर फिरतात, ती मला म्हणूनच धोक्याची वाटतात.

दाह आपसूक विझवणारे स्निग्ध रेणूही शरीर बनवतं. चार्ल्स सेरहान यांनी त्यातले लिपॉक्सिन १९८४ मध्ये शोधले. नंतर बांगडा-तारलीच्या तेलातल्या आम्लांपासून बनणारे रिझॉल्व्हिन सापडले. म्हणजे आग लावणारे आणि आग शमवणारे दोघंही एकाच कुळातले. बांगडा खाल्ल्यानं बुरशी बरी होते असा अर्थ यातून कुणी काढू नये, एवढी विनंती.

आता २०२१. करोनाची दुसरी लाट. माझा मामेभाऊ लातूरला ऑक्सिजनवर होता, वाचला, घरी आला. आठव्या दिवशी एक गाल सुन्न झाला आणि नाकातून काळसर पाणी येऊ लागलं. म्युकरमायकोसिस. वरचा जबडा काढावा लागला. आज तो टाळूला बसवलेली पट्टी लावल्याशिवाय बोलू शकत नाही. पट्टी काढली की प्यालेलं पाणी नाकातून येतं. जुलै २०२१ मध्ये संसदेत सांगितलेल्या आकड्यांप्रमाणे देशात या बुरशीचे ४५ हजारांवर रुग्ण झाले, ४ हजारांवर मेले. सगळ्यात जास्त रुग्ण महाराष्ट्रात, ९ हजारांच्या वर. अॅम्फोटेरिसिन या बुरशीनाशकाच्या कुप्यांसाठी तेव्हा लोक जिल्ह्याजिल्ह्यांत फोन करत होते. मे महिन्याअखेर वर्ध्यातल्या एका कारखान्यातही त्याचं उत्पादन सुरू झालं.

त्या लाटेत डेक्सामेथासोननं असंख्य जीव वाचवले, हे आधी म्हटलं पाहिजे. इंग्लंडच्या रिकव्हरी चाचणीत २०२० मध्ये दिसलं की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू रोज ६ मिलिग्रॅमच्या डोसानं एक तृतीयांशानं घटले. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती, त्यांना मात्र काहीच फायदा झाला नाही. आपल्याकडे घरी बसलेल्या, साधा ताप असलेल्या माणसांनीही हे औषध घेतलं, जास्त घेतलं, जास्त दिवस घेतलं. डेक्सामेथासोन शरीरात अॅनेक्सिन ए-१ नावाचं प्रथिन वाढवतं आणि ते प्रथिन त्या कात्रीला, फॉस्फोलायपेज ए-२ ला, आवर घालतं. नळ वरूनच बंद. प्रोस्टाग्लँडिन नाहीत, ल्युकोट्रायीन नाहीत. त्यात साखर वाढते, आणि वाढलेली साखर, रक्तात मोकळं झालेलं लोह, करोनानं थकलेली फुप्फुसं, हे सगळं म्युकरच्या पथ्यावर पडलं. हा आजार एकट्या चरबीच्या रेणूंनी समजत नाही आणि तसं सांगणं चूक ठरेल. पण १९९१ च्या त्या अळीची आणि लातूरच्या त्या खाटेवरच्या माणसाची सुई एकच होती, हे मी विसरू शकत नाही.

या विषयाशी महाराष्ट्राचं नातं जुनं आहे. ज्याची चित्रं 'ग्रेज अॅनाटॉमी'त छापली गेली तो हेन्री व्हँडाइक कार्टर १८५८ साली मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आला. पुढे तो साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. अनवाणी चालणाऱ्या माणसांच्या पायाला होणाऱ्या, वर्षानुवर्षं चिघळणाऱ्या गाठींना त्यानं मायसेटोमा हे नाव दिलं आणि त्यामागे बुरशी आहे असं मांडलं. त्या पायावरची सूज हा बुरशी आणि दाह यांच्यात वर्षानुवर्षं न सुटलेला झगडा असतो. शंभर वर्षांनी पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये, जिची स्थापना १९५४ ची, एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी मातीतल्या एका सूक्ष्म जीवातून हॅमायसिन हे बुरशीनाशक काढलं. त्या जीवाचं नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना ठेवलं. हॅमायसिन काय, अॅम्फोटेरिसिन काय, दोघंही बुरशीच्या आवरणातल्या अर्गोस्टेरॉलवर घाव घालतात. म्हणजे औषधही शेवटी चरबीवरच चालतं. पुढचं एक प्रकरण पूर्ण पिंपरीच्या त्या कामाबद्दल आहे.

वाचकानं कुठून सुरुवात करावी? ज्यांना रसायनशास्त्राची धास्ती वाटते त्यांनी अळीचं प्रकरण आधी वाचावं, मग म्युकरचं, मग मागे यावं. रेशीम उत्पादकांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो. ब्युव्हेरिया हीच बुरशी पांढऱ्या माशीवर आणि इतर किडींवर जैविक कीटकनाशक म्हणून बाजारात मिळते. कापसाला, भाजीला ती उपयोगाची आहे. तुतीच्या मळ्यावर किंवा संगोपनगृहाच्या आसपास ती कुणी फवारू नये. शेजाऱ्यानं फवारली तर वाऱ्याची दिशा विचारावी. आणि हाक अडवली की बुरशीचं फावतं, हे कीटकाच्या बाबतीत जितकं खरं, तितकंच घरातल्या कपाटातल्या एका ट्यूबच्या बाबतीतही खरं आहे.

जांघेत, कमरेवर गजकर्ण उठतं. मेडिकलवाला एक मलम देतो. दोन दिवसांत लाली जाते, खाज जाते. आत क्लोबेटासॉल हे स्टेरॉइड असतं. ते त्याच कात्रीला आवर घालतं, हाक बंद होते, म्हणून खाज बंद होते. बुरशी मात्र तिथेच असते आणि आता तिला कुणी अडवत नाही. चट्टा पसरतो, त्याची कडा पुसट होते, डॉक्टरलाही तो ओळखू येत नाही. गेल्या काही वर्षांत ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला दाद न देणारी बुरशी भारतात पसरली आहे. अशा मलमांच्या वारेमाप वापरानं ती रुजायला मदत झाली, असं त्वचारोगतज्ज्ञ म्हणतात. २०१८ साली सरकारनं स्टेरॉइड असलेली १४ मलमं चिठ्ठीशिवाय देण्यावर बंदी घातली. ती आजही काउंटरवर सहज मिळतात.

हे पुस्तक पुढे वाचण्याआधी कपाटातली ती ट्यूब काढा आणि तिच्यावरचं बारीक अक्षर वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन असं काही लिहिलेलं असेल, आणि ती गजकर्णासाठी आणलेली असेल, तर पुन्हा लावू नका. चट्टा त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, आणि ट्यूब सोबत घेऊन जा.